शनिवार-रविवारच्या वर्गातून स्पॅनिश : सीमाभागातील नवशिक्यांसाठी

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातील मराठी माणूस नवी भाषा शिकायला बसतो, तेव्हा त्याची पाटी कोरी नसते. घरात मराठी, कचेरीत आणि शेजारीपाजारी कन्नड, कॉलेजात इंग्रजी, आणि चोर्ला घाटातून गोव्याकडे जाणे-येणे असेल तर कानावर पडलेली कोकणी, अशा तीन-चार भाषांत त्याची रोज ये-जा चालू असते. तरीही स्पॅनिशच्या वर्गात शिरताना तो यांतली फक्त इंग्रजी बरोबर नेतो आणि बाकीच्या भाषा चपलांबरोबर दाराबाहेर काढून ठेवतो. मीही तेच केले आणि माझे पहिले तीन महिने जवळजवळ वाया गेले. स्पॅनिशचा एकही शब्द न येणाऱ्या, नोकरी, दुकान किंवा कॉलेज सांभाळून केवळ शनिवार-रविवारीच वर्गाला जाऊ शकणाऱ्या वाचकाने कोणती गोष्ट कोणत्या क्रमाने करावी, हे पुढे सांगितले आहे. आणि शक्य तेथे ती मराठीवरून कशी करावी, यावर माझा भर आहे.

पैसे भरण्यापूर्वी

सर्वप्रथम तासांचा हिशेब करावा. युरोपात भाषाज्ञानाच्या सहा पातळ्या ठरलेल्या आहेत: ए-वन, ए-टू, बी-वन, बी-टू, सी-वन आणि सी-टू. ही पट्टी युरोप परिषदेने २००१ साली प्रसिद्ध केली आणि आज बहुतेक सर्व वर्ग तिच्यावरच चालतात. पहिल्या पातळीला, म्हणजे ए-वनला, वर्गातले साधारण ६० तास धरावेत. शनिवारी दोन आणि रविवारी दोन असे आठवड्याला चार तास मिळाले तर कागदावर १५ आठवडे होतात. परंतु आपल्याकडे गणपती, दिवाळी, गावची यात्रा आणि लग्नसराई या सगळ्यांना शनिवार-रविवारच लागत असल्यामुळे प्रत्यक्षात पाच महिने धरणे शहाणपणाचे आहे. अमेरिकी परराष्ट्र खात्याची प्रशिक्षण संस्था इंग्रजी भाषकांसाठी स्पॅनिशला सर्वांत सोप्या भाषांच्या गटात ठेवते, आणि तरीही कामापुरती भाषा यायला ६०० ते ७५० तास लागतात असे मानते. ‘तीन महिन्यांत अस्खलित’ अशी पाटी दिसली तर हा आकडा आठवावा.

वर्ग निवडताना चार गोष्टी तोंडावर विचाराव्यात. शिकवणाऱ्यांची स्वतःची पातळी कोणती आहे आणि त्याचे प्रमाणपत्र आहे का? एका तुकडीत किती जण असतात? कोणते पुस्तक वापरतात? आणि तासातला किती वेळ विद्यार्थ्यांना बोलायला मिळतो? यांपैकी दुसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. दोन तासांचा वर्ग आणि २० विद्यार्थी असतील, तर शिकवणाऱ्याने तोंडही उघडले नाही तरी प्रत्येकाच्या वाट्याला सहा मिनिटे येतात. आठ ते दहा जणांची तुकडी उत्तम, बारापर्यंत चालेल, त्यापुढे पैसे घालू नयेत. एक तास बसून पाहू द्याल का, हेही विचारावे. ज्यांना आपल्या शिकवण्याची खात्री असते ते सहसा नाही म्हणत नाहीत.

फीबद्दल माझा अनुभव कडू आहे. सवलत मिळते म्हणून मी एका वर्गाची वर्षभराची फी एकरकमी भरली. तिसऱ्या रविवारी आम्ही सात जण जिन्यात उभे राहिलो, दाराला कुलूप होते आणि फोन लागत नव्हता. पावतीवर पत्तासुद्धा नव्हता. तेव्हापासून एका पातळीपुरतीच, तीही हप्त्याने आणि पावती घेऊनच, फी भरण्याचा नियम मी पाळत आलो आहे.

आपल्या भागात समोरासमोरचे वर्ग मोजकेच आहेत, त्यामुळे पुण्या-बंगळूरकडचा ऑनलाइन वर्ग घेण्याची वेळ अनेकांवर येते. त्यात कमीपणा मानू नये. मात्र मोबाइलच्या स्पीकरवर भागवू नये, माइक असलेला हेडफोन घ्यावा, आणि खानापूरच्या जंगलपट्ट्यात राहणाऱ्यांनी नेटवर्कचा भरवसा नसेल तर त्या दोन तासांपुरते बेळगावात कोणा नातेवाइकाचे घर गाठावे. स्पेन सरकारच्या इन्स्तितुतो सेर्वान्तेस या संस्थेचे केंद्र नवी दिल्लीत आहे. तिचे पुष्कळ अभ्याससाहित्य इंटरनेटवर विनामूल्य मिळते, ते पहिल्याच आठवड्यात शोधून ठेवावे.

स्पेनची स्पॅनिश शिकावी की लॅटिन अमेरिकेची, या प्रश्नात नवशिक्याने अडकू नये. सुमारे ५० कोटी लोकांची मातृभाषा असलेली आणि २० देशांत राजभाषा असलेली ही भाषा सगळीकडे सारखी बोलली जाणे शक्यच नाही. कोल्हापूरची मराठी आणि पुण्याची मराठी तरी कुठे सारखी आहे? शिकवणारे जी बोलतात तीच उचलावी. पुढे या लेखात उच्चार लॅटिन अमेरिकी धर्तीवर दिले आहेत.

पहिले दोन आठवडे : उच्चार

येथे मराठी माणसाचे भाग्य उजळते, पण एका अटीवर: इंग्रजी कानाआड करावी लागते. वर्ग बहुधा इंग्रजीतून चालतो, अक्षरेही रोमन असतात, त्यामुळे टोमॅटोसाठी असलेला शब्द आपण ‘टोमाटे’ असा वाचतो. स्पॅनिशमध्ये ट, ड, ण, ळ यांपैकी एकही ध्वनी नाही. तेथील टी म्हणजे आपला स्वच्छ दंत्य ‘त’ आणि डी म्हणजे ‘द’. शब्द ‘तोमाते’ असा आहे. क, त, प म्हणताना इंग्रज माणूस श्वास सोडतो, तो स्पॅनिश माणूस सोडत नाही आणि आपणही सोडत नाही. इंग्रजी बोलणाऱ्याला हे जमवायला महिने लागतात, आपल्याला ते आयते मिळालेले आहे.

स्वर पाचच आहेत: आ, ए, इ, ओ, उ. ऱ्हस्व ‘अ’ मुळीच नाही, आणि मराठी जिभेची खरी परीक्षा येथेच होते, कारण आपण घाईत कुठल्याही ‘आ’चा ‘अ’ करून टाकतो. घर या अर्थाचा शब्द ‘कासा’ आहे. त्यातले दोन्ही ‘आ’ सारख्याच स्पष्टपणे उच्चारावेत.

आता काही विशिष्ट अक्षरे. एच हे अक्षर लिहितात पण उच्चारत नाहीत. एच, ओ, वाय असे लिहिलेला शब्द पाहून आमच्या वर्गात प्रत्येक जण ‘होय’ म्हणत असे; तो ‘ओय’ आहे आणि त्याचा अर्थ ‘आज’. होकारासाठी ‘सी’ म्हणतात, पण तो ‘स’ दाताशीच ठेवावा. ‘शी’ झाले तर मराठी कानाला ते काय वाटेल हे सांगायला नको. जे या अक्षराचा उच्चार घसा थोडा खरवडून केलेल्या ‘ह’सारखा होतो. बी आणि व्ही यांच्या उच्चारात काहीही फरक नाही, दोन्ही ‘ब’कडे झुकतात. दोन एल एकत्र आले तर बहुतेक ठिकाणी ‘य’ होतो. सी-एच म्हणजे ‘च’, पण ‘चार’मधला, ‘चमचा’मधला नव्हे. एनच्या डोक्यावर लहरीसारखे चिन्ह असेल तर तो ‘न्य’ होतो, म्हणजेच आपला ‘ञ’, जो मराठी बाराखडीत असूनही आपल्या तोंडी फारसा येत नाही. ही लहर विसरू नये. वर्षासाठी ‘आन्यो’ हा शब्द आहे. लहर काढली तर उरतो तो शब्द शरीराच्या अशा भागाचे नाव आहे की आपले वय सांगताना त्याचा उल्लेख कोणी करू इच्छिणार नाही.

‘र’ दोन प्रकारचा आहे. एकेरी ‘र’ आपलाच. दुहेरी ‘र’साठी ‘गर्रकन’ हा शब्द दहादा म्हणावा आणि त्यातला ‘र्र’ पकडावा. ‘पेरो’ म्हणजे ‘पण’ आणि ‘पेर्रो’ म्हणजे कुत्रा.

आघात ही मात्र आपल्याला खरोखरच नवी गोष्ट आहे, कारण मराठीत आघात बदलल्याने शब्दाचा अर्थ बदलत नाही. नियम थोडक्यात असा: शब्दाचा शेवट स्वराने, एनने किंवा एसने होत असेल तर जोर शेवटून दुसऱ्या अक्षरावर द्यायचा, अन्यथा शेवटच्यावर, आणि हा नियम जेथे मोडतो तेथे स्वराच्या डोक्यावर तिरकी रेघ असते. ‘आब्लो’ या शब्दातल्या ‘आ’वर जोर दिला तर ‘मी बोलतो’ आणि ‘लो’वर दिला तर ‘तो बोलला’. लॅटिन अमेरिकेत ‘पापा’च्या पहिल्या अक्षरावर जोर म्हणजे बटाटा, दुसऱ्यावर म्हणजे वडील. (‘काका’ हा शब्द मात्र तिकडे कुठल्याच आघाताने मोठ्याने उच्चारू नये, लहान मुलांच्या भाषेत तो शी-शूपैकी पहिल्यासाठी वापरतात.)

वहीत उच्चार देवनागरीत लिहावेत का, असे विचारले जाते. पहिले तीन आठवडे अवश्य लिहावेत, कारण इंग्रजी वळणाने वाचण्याची खोड त्यानेच मोडते. चौथ्या आठवड्यापासून देवनागरी बंद करावी, नाहीतर डोळे मूळ शब्दाकडे वळतच नाहीत. मोबाइलवर स्पॅनिश कीबोर्ड त्याच आठवड्यात सुरू करून घ्यावा, म्हणजे लहर, तिरकी रेघ आणि प्रश्नाच्या आरंभी येणारे उलटे प्रश्नचिन्ह ही सगळी हाताशी येतात.

तिसरा ते दहावा आठवडा : व्याकरण मराठीवरून

आमच्या वर्गात एका शनिवारी फळ्यावर वाक्य आले: ‘मे गुस्ता एल ते’, म्हणजे ‘मला चहा आवडतो’. शिकवणाऱ्या बाईंनी इंग्रजीतून समजावले की येथे कर्ता चहा आहे, तो मला आनंद देतो, असा उलटा विचार करायचा. आम्ही माना डोलावल्या आणि वहीत ‘यो गुस्तो’ असेच, म्हणजे ‘मी आवडतो’, लिहीत राहिलो. दुसऱ्या रविवारी वर्ग सुटल्यावर टिळकवाडीत पहिल्या रेल्वे गेटाजवळ चहाला थांबलो होतो. टपरीवाल्याने साखर विचारली, मी म्हणालो, ‘मला कमी साखरेचा आवडतो,’ आणि कप हातात तसाच राहिला. ‘मला’ आणि ‘आवडतो’. मी पुरुष असो की स्त्री, क्रियापद चहाच्या मागे जाते. अनेक आंबे असतील तर ‘मला आंबे आवडतात’, आणि स्पॅनिशमध्येही ‘मे गुस्तान लोस मान्गोस’. फळ्यावर दोन आठवडे जे उलटे दिसत होते ते आपल्या बोलण्यात जन्मापासून सुलटे होते. कन्नडमध्येही ‘ननगे’ म्हणूनच आवड सांगतात, म्हणजे सीमाभागातल्या माणसाकडे ही रचना दोनदा आहे. ‘मे दुएले ला काबेसा’ या वाक्यात ‘मला दुखते डोके’ अशीच मांडणी आहे. इंग्रजीतून गेले की हा एक स्वतंत्र धडा होतो; मराठीवरून गेले की दहा मिनिटांत संपतो.

क्रियापदांचेही तसेच. मूळ रूपाचा शेवट आर, एर किंवा इर असतो आणि कर्त्याप्रमाणे प्रत्यय बदलतो. ‘आब्लार’ म्हणजे बोलणे. त्याची रूपे आब्लो, आब्लास, आब्ला, आब्लामोस, आब्लाइस, आब्लान. ‘आलोच’ म्हटल्यावर कोण आले हे मराठीत वेगळे सांगावे लागत नाही, तसेच तेथे ‘मी’ आणि ‘तू’ बहुधा गाळतात. इंग्रजीच्या सवयीने प्रत्येक वाक्याला ‘यो’ लावणारा विद्यार्थी ‘मी मी’ करणाऱ्या माणसासारखा वाटतो. क्रियापद मराठीसारखे लिंगाने बदलत नाही, बोलतो आणि बोलते दोन्हींना ‘आब्लो’ हेच रूप चालते. मात्र विशेषण बदलते. दमलेला पुरुष ‘एस्तोय कान्सादो’ म्हणतो, स्त्री ‘एस्तोय कान्सादा’.

लिंगे दोनच आहेत आणि तीन लिंगे वागवणाऱ्याला दोन जड जाऊ नयेत. ओने संपणारे शब्द बहुधा पुल्लिंगी, आने संपणारे बहुधा स्त्रीलिंगी. परंतु मराठीवरून अंदाज बांधण्याची चूक येथे करू नये: आपला हात पुल्लिंगी, त्यांचा ‘मानो’ शेवटी ओ असूनही स्त्रीलिंगी, आपली समस्या स्त्रीलिंगी, त्यांचा ‘प्रोब्लेमा’ शेवटी आ असूनही पुल्लिंगी. म्हणून नाम कधीही एकटे पाठ करू नये. ‘एल’ किंवा ‘ला’ जोडूनच पाठ करावे: ‘ला मानो’, ‘एल प्रोब्लेमा’, ‘एल दिया’, ‘एल मापा’.

तू आणि तुम्ही हा भेद इंग्रजीतून शिकणाऱ्यांना समजावून सांगावा लागतो, आपल्याला तो लागत नाही. ‘तु’ म्हणजे चक्क तू, आणि ‘उस्तेद’ म्हणजे आदरार्थी तुम्ही. फक्त ‘उस्तेद’पुढे क्रियापद ‘तो’ किंवा ‘ती’चे येते, एवढे लक्षात ठेवावे.

मराठी जेथे मदत करत नाही ती जागा म्हणजे ‘आहे’. आपल्या एका ‘आहे’साठी तेथे दोन क्रियापदे आहेत, ‘सेर’ आणि ‘एस्तार’. मूळ, ओळख, व्यवसाय, स्वभाव यांना सेर. सध्या कुठे आणि कोणत्या अवस्थेत, याला एस्तार. ‘सोय दे खानापूर’ म्हणजे मी खानापूरचा, आणि ‘एस्तोय एन बेळगाव’ म्हणजे आत्ता बेळगावात. पहिला ‘आहे’ बदलीने बदलत नाही, दुसरा बसमध्ये बसले की बदलतो. हा भेद पुढे अनेक ठिकाणी बारीक होत जातो, परंतु पहिल्या पातळीला एवढी ओळ पुरते. येथे घाई करू नये. मला आजही कधी कधी थबकावे लागते.

सोमवार ते शुक्रवार

आठवड्यातून दोन दिवस शिकून पाच दिवस वही न उघडणारा विद्यार्थी दर शनिवारी मागचाच धडा पुन्हा शिकतो. वर्गात चुका दुरुस्त होतात, भाषा मात्र मधल्या पाच दिवसांत मुरते. रोज वीस मिनिटे द्यावीत, पण ती आधीच्या कुठल्यातरी कामाला बांधून द्यावीत. सोमवारी शनिवारचे संवाद ऐकत मोठ्याने म्हणावेत. मंगळवारी दहा नवे शब्द, प्रत्येकाचे एक वाक्य. बुधवारी फक्त ऐकणे, भाकऱ्या भाजताना किंवा दुकान उघडताना चालेल. गुरुवारी एका क्रियापदाची सहाही रूपे न बघता लिहावीत. शुक्रवारी वर्गासाठी तीन शंका लिहून काढाव्यात. शंका सुचत नसेल तर आठवडाभर अभ्यास झालेला नाही असे खुशाल समजावे.

अंकांसाठी माझी एक युक्ती आहे, ती आपल्या रस्त्यांवरच चालते. मराठीत एक ते शंभर प्रत्येक आकडा वेगळा पाठ करावा लागतो, आणि त्यात एककाचे नाव आधी येते: बा-वीस. स्पॅनिशमध्ये १५ पर्यंतचे अंक पाठ केले की पुढे बहुतांशी जोडणी असते आणि दशक आधी येतो: ‘बेइन्तिदोस’, म्हणजे वीस-आणि-दोन, कन्नडच्या ‘इप्पत्तेरडु’च्याच क्रमाने. खानापूरहून बसने येताना मी समोरच्या गाड्यांच्या पाट्या वाचत असे. बेळगावची गाडी ‘बेइन्तिदोस’, चिकोडीची ‘बेइन्तित्रेस’, कोल्हापूरची ‘सेरो नुएबे’, आणि पुढचे चार आकडे दोन-दोनच्या जोडीने. देसूर ते टिळकवाडी एवढ्या वाटेत तीस-चाळीस आकडे होतात. सहप्रवासी थोडे विचित्र पाहतात, ते सोसावे.

शब्दसंग्रह

पहिल्या पातळीला पाचशे-सहाशे शब्द पुरतात आणि त्यांतले काही आपल्या घरातच आहेत. पोर्तुगीज आणि स्पॅनिश या सख्ख्या बहिणी, आणि पोर्तुगीज शब्द गोव्याच्या वाटेने कधीच घाट चढून मराठीत रुळले आहेत. चावी म्हणजे ‘याबे’, साबण म्हणजे ‘हाबोन’, बिजागरी म्हणजे ‘बिसाग्रा’, बादली म्हणजे ‘बाल्दे’. निपाणीकरांना वेगळी ओळख करून द्यायला नको असा तंबाखू म्हणजे ‘ताबाको’. आपला पगार तेथे ‘पागार’ असा क्रियापद होऊन पैसे चुकते करणे या अर्थाने येतो. मात्र आंधळेपणाने विश्वास ठेवू नये. पावाला ‘पान’ म्हणतात, त्यात चुना-कात नसतो. आणि ‘बताता’ मागितले तर हातात बटाटा न येता रताळे येते. बटाट्याला स्पेनमध्ये ‘पाताता’ म्हणतात.

अर्थाची खात्री करण्यासाठी रेआल अकादेमिया एस्पान्योला या संस्थेचा कोश इंटरनेटवर विनामूल्य आहे. १७१३ साली स्थापन झालेली ही संस्था स्पॅनिशच्या शुद्धलेखनाचे नियम ठरवते. कोशातील व्याख्या स्पॅनिशमध्येच असल्यामुळे पहिले दोन महिने तो डोक्यावरून जाईल, तिसऱ्या महिन्यानंतर वापरावा.

परीक्षा द्यायची असेल तर

शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी कागद हवा असेल तर ‘देले’ ही परीक्षा द्यावी. स्पेनच्या शिक्षण मंत्रालयाच्या नावाने इन्स्तितुतो सेर्वान्तेस ती घेते आणि तिच्या प्रमाणपत्राला मुदत नसते. परीक्षाकेंद्रे आणि तारखा संस्थेच्या संकेतस्थळावर असतात. अर्ज भरताना नाव पासपोर्टवर किंवा ओळखपत्रावर जसे आहे तसेच लिहावे, कारण आपल्याकडे गावाचे, वडिलांचे आणि आडनावाचे स्पेलिंग प्रत्येक कागदावर वेगळे असण्याची परंपरा आहे.

ए-वनच्या परीक्षेत वाचन-लेखन हा एक गट आणि श्रवण-संभाषण हा दुसरा गट असतो. प्रत्येक गटाला ५० गुण आणि प्रत्येकात किमान ३० मिळवावे लागतात. एका गटातले जास्तीचे गुण दुसऱ्यात चालत नाहीत. शनिवार-रविवारचा विद्यार्थी बहुधा दुसऱ्या गटात अडकतो, कारण घरी वही उघडणे सोपे असते आणि तोंड उघडायला समोर कोणी नसते. म्हणून वर्गातला एक जोडीदार पहिल्याच महिन्यात ठरवून घ्यावा आणि बुधवारी रात्री त्याच्याशी फोनवर दहा मिनिटे फक्त स्पॅनिशमध्ये बोलावे. आरंभी ती दहा मिनिटे दोनच मिनिटांत संपतील. तोंडी परीक्षेची सुरुवात स्वतःच्या ओळखीने होते, म्हणून जोडीदाराबरोबरची पहिली तालीमही तीच असावी: नाव, वय, गाव, घरात कोण कोण आहेत, काय काम करता, काय आवडते. भाषांच्या प्रश्नाला ‘आब्लो माराती, कानारेस, इन्दी, इंग्लेस’ असे सांगून झाले की परीक्षक पुढचा प्रश्न बहुधा त्यावरच विचारील. त्याचे उत्तर आधीच तयार ठेवावे.